यंग अडल्ट पुस्तकं: 'हे आपल्या वयाचं नाही' म्हणणाऱ्या मेंबरांसाठी

आमच्या लायब्ररीत एक शेल्फ आहे ज्याच्यासमोरून पन्नाशीच्या पुढचे बहुतेक मेंबर न थांबता जातात, ते म्हणजे यंग अडल्टचं, म्हणजे टीनएजर पोरापोरींसाठी म्हणून छापलेल्या पुस्तकांचं, आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'ती पोरांची पुस्तकं हो'. आता शंका घेणं चुकीचं नाहीये, त्या शेल्फवर टुकार मालपण भरपूर आहे, आमचंच शेल्फ आहे म्हणून खोटं कशाला बोला. पण जे चांगलं आहे ते नुसत्या लेबलमुळे तुमच्या हातून सुटतंय, म्हणून हे पत्रक.

मुळात हे लेबल बऱ्याचदा लेखक लावत नाही, प्रकाशक लावतो, आणि त्यात विक्रीचा हिशोब असतो. मार्कस झुसाकचं 'द बुक थीफ' 2005 मध्ये ऑस्ट्रेलियात मोठ्यांची कादंबरी म्हणून आलं आणि तेच पुस्तक अमेरिकेत गेलं ते यंग अडल्ट म्हणून. मार्क हॅडनच्या 'द क्युरिअस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम'च्या तर 2003 मध्ये दोन वेगळ्या आवृत्त्या निघाल्या, एक मोठ्यांसाठी एक मुलांसाठी, गोष्ट तीच. आणि मिलिंद बोकीलांची 'शाळा' तुमच्यापैकी कितीतरी जणांनी वाचली असेल, त्यातला मुकुंद नववीत आहे, पण वाचताना कोणाला वाटलं का की आपण पोरांचं पुस्तक वाचतोय? हिरोचं वय आणि वाचकाचं वय यांचा संबंध असतोच असं नाही, एवढंच.

मग फरक कुठे आहे? आमच्या मते मागे वळून बघण्यात. मोठ्यांच्या कादंबरीत जेव्हा लहानपण येतं तेव्हा सांगणारा चाळीस पन्नास वर्षांचा असतो, त्याला सगळं कळून चुकलेलं असतं आणि ते शहाणपण तो हळूच प्रत्येक पानावर शिंपडत असतो, त्यात एक हुरहूर असते जी सुंदर असते पण कधीकधी फार होते. चांगल्या यंग अडल्टमध्ये तसं नसतं, सांगणारी पोरगी सोळाची आहे, मैत्री आजच तुटलीये, हे पुढे निस्तरेल की नाही ते तिला माहीत नाही आणि तिला सांगणारं कोणी नाही. तुम्हाला मात्र अंदाज असतो! तिला दिसत नाही ते तुम्हाला दिसतं, आईबापाचं पात्र दोनच ओळी बोलून जातं आणि ते का असं बोलले हे तिला कळायच्या आधी तुम्हाला कळतं. ही मजा पंधरा वर्षांच्या वाचकाला मिळत नाही, उलट तुमच्या वयाचा इथे फायदाच आहे. एस. ई. हिंटनचं 'द आउटसायडर्स' 1967 मध्ये आलं तेव्हा लेखिका स्वतःच टीनएजर होती, त्यामुळे त्यात वरून बघणारा मोठा माणूस मुळीच नाही.

आता वैतागाच्या गोष्टी. एक मुलगी आणि तिच्यावर मरणारे दोन मुलगे, जगाला वाचवायला नेमका निवडला गेलेला एकच पोरगा, आणि तिसऱ्या भागाशिवाय न संपणारी गोष्ट, यातलं काही मागच्या कव्हरवर दिसलं तर सुरुवातीला सरळ बाजूला ठेवा. पुढे आवडायला लागलं तर बघू, पण पहिलं पुस्तक सिंगलच घ्या. जाडीला घाबरायचं कारण नाही, फँटसी सोडली तर बहुतेक कादंबऱ्या आटोपशीर असतात आणि पाल्हाळ कमी असतो.

आणि 'पोरांचं म्हणजे गोड गोड' असं वाटत असेल तर प्रिंट्झ अवॉर्डचा स्टिकर शोधा. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं हे बक्षीस 2000 पासून देतात आणि त्यात फक्त साहित्य म्हणून दर्जा बघतात, पुस्तक किती खपलं किंवा काय उपदेश करतं ते नाही. पहिलंच बक्षीस मिळालं वॉल्टर डीन मायर्सच्या 'मॉन्स्टर'ला, ज्यात खुनाच्या केसमध्ये अडकलेला सोळा वर्षांचा मुलगा स्वतःचा खटला सिनेमाच्या स्क्रिप्टसारखा लिहितो आणि मधेमधे डायरी, शेवटपर्यंत तो किती दोषी हे तुम्हीच ठरवत बसता. गोड तर अजिबात नाही. डोळे लवकर दमत असतील तर कवितेत लिहिलेल्या कादंबऱ्यापण असतात, पानावर मोजक्या ओळी, बाकी मोकळी जागा, काही जणांना नाटकी वाटतात पण एक ट्राय करून बघा.

काउंटरवर आम्हाला 'यंग अडल्ट द्या' असं सांगू नका, त्याने काही कळत नाही. तुम्ही एरवी काय वाचता ते सांगा, रहस्य, युद्ध, घरातली भांडणं, काहीही, त्यावरून आम्ही एक काढून देऊ. पन्नासेक पानांत जमलं नाही तर परत आणा, बदलून देऊ, का नाही आवडलं ते सांगितलंत तर पुढचं निवडायला सोपं जातं. आणि कव्हर फारच भडक असेल तर ब्राउन पेपरचं कव्हर घालून देतो, हसू नका, लोक मागतात.