ड्युरंटला पैशाने ओढलं नाही

गोल्डन स्टेट वॉरियर्सने २०१६ मध्ये मालकाच्या तिजोरीच्या जोरावर केविन ड्युरंटला आणलं, असं एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचे चाहते आजही बोलतात. हे खरं नाही. तिथे प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. स्वतःचा जुना खेळाडू राखायला ती ओलांडता येते, पण बाहेरचा मोठा खेळाडू आणायचा तर मर्यादेखाली तेवढी जागा रिकामी लागते. त्यामुळे जास्त पैसे खरं तर ड्युरंटचा जुना संघ ओक्लाहोमा सिटीच देऊ शकत होता!

मग जागा आली कुठून? टीव्ही हक्कांच्या नव्या करारामुळे मर्यादा एका वर्षात ७ कोटी डॉलरवरून सुमारे ९.४ कोटींवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने करावी, हा लीगचा प्रस्ताव खेळाडूंच्या संघटनेनेच नाकारला होता. शिवाय वॉरियर्सच्याच स्टीफन करीने घोट्याच्या दुखापतींच्या काळात, २०१२ मध्ये, चार वर्षांसाठी अवघ्या ४.४ कोटींचा करार केला होता. माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच. उरलेली जागा संघातल्याच अँड्र्यू बोगटला डॅलस संघाकडे ट्रेड करून आणि हॅरिसन बार्न्सला जाऊ देऊन झाली.