जुन्या तोफा भंगारात काढू नका

"ड्रोन पाडायला महागडं क्षेपणास्त्रच लागतं, जुन्या तोफा आता भंगार" हा मेसेज आमच्या वाशीच्या सोसायटी ग्रुपवर अधूनमधून फिरतो. शंका रास्त आहे, पण हिशेब करून बघा. ताशी 60 किलोमीटरने येणारा छोटा ड्रोन मिनिटाला एक किलोमीटर कापतो. 23 मिलिमीटरच्या जोडनळी तोफेचा मारा साधारण अडीच किलोमीटर, म्हणजे आपल्या खाडीपुलाच्या लांबीहून जास्तच. कागदावर का होईना, अडीच मिनिटं हातात. 40 मिलिमीटरच्या गोळ्यात तर रेडिओ फ्यूज बसतो: ड्रोनला शिवायचीही गरज नाही, जवळ पोचताच गोळा फुटतो. युक्ती दुसऱ्या महायुद्धातली! खरी अडचण वेगळीच, जमिनीलगत उडत येणारा प्लॅस्टिकचा ड्रोन रडारला वेळेत दिसणं. उंचावरच्या लढाऊ विमानाला मात्र क्षेपणास्त्रच हवं.