परवाना डोंगल आणि संगीत सॉफ्टवेअरचा रेंगाळणारा प्रारंभ

परवाना डोंगल ही संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये लावायची, पेनड्राइव्हएवढी चावी. सॉफ्टवेअर वापरण्याचा परवाना तिच्यातल्या सुरक्षित चिपमध्ये साठवलेला असतो आणि ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. ध्वनिमुद्रण व संगीतरचनेच्या क्षेत्रात ही पद्धत दीर्घकाळ टिकली. तिच्यामुळे सॉफ्टवेअर सुरू व्हायला लागणारा वेळ ही वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे.

हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचे क्यूबेस हे संगीतरचनेचे सॉफ्टवेअर १९८९ मध्ये अटारी एसटी संगणकावर आले, तेव्हा डोंगल त्या संगणकाच्या कार्ट्रिज पोर्टमध्ये बसे. पुढे पीसीवर प्रिंटरच्या पोर्टला डोंगल लागला, आणि नंतर ई-लायसेन्सर नावाने ओळखली जाणारी यूएसबी चावी आली. अमेरिकेतल्या पेस कंपनीची आयलॉक ही दुसरी प्रसिद्ध चावी. प्रो टूल्स या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची नववी आवृत्ती (२०१०) ते बनवणाऱ्या कंपनीच्या हार्डवेअरशिवाय चालू लागली, तेव्हा परवान्याचा भार आयलॉकवर आला.

उशीर का होतो, हे तपासणीच्या पद्धतीवरून कळते. सॉफ्टवेअर डोंगलला दर वेळी नवा, आधी ओळखता न येणारा प्रश्न पाठवते. चिप आतल्या गुप्त किल्लीने गणित करून उत्तर देते. प्रश्न-उत्तरांत जाणारी माहिती अगदी थोडी असते, त्यामुळे अधिक वेगवान यूएसबी पोर्ट वापरून फारसा फरक पडत नाही. वेळ जातो तो चिपच्या गणितात आणि दोन्ही बाजूंच्या वाट पाहण्यात. अशी एक तपासणी कुणाला जाणवणारही नाही. पण मुख्य सॉफ्टवेअर सुरू होताना प्लगइनची, म्हणजे त्याला जोडलेल्या वाद्यांच्या व इफेक्ट्सच्या छोट्या सॉफ्टवेअरची, झडती घेते, आणि परवाना लागणारे प्रत्येक प्लगइन आपापली चौकशी करते. आधुनिक सॉफ्टवेअर जुन्या झडतीचा निकाल लक्षात ठेवते. तरी मोठा प्रकल्प उघडताना त्यातली वाद्ये व इफेक्ट्स पुन्हा परवाना विचारू शकतात. वाद्यवृंदाच्या नमुनासंग्रहांत (वाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांच्या संचांत) एकेका वाद्यगटाचा वेगळा परवाना असेल, तर हा भार वाढतो.

याशिवाय इतर कारणेही असतात: मुदत संपलेले चाचणी परवाने डोंगलवर तसेच राहणे, पार्श्वभूमीत चालणारी परवाना सेवा उशिरा जागी होणे, पुरेशी वीज न पुरवणारा यूएसबी हब, किंवा इंटरनेट नसताना सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत बसणे. मात्र सगळा दोष डोंगलवर ढकलणेही बरोबर नाही. कित्येक गिगाबाइटचे ध्वनिनमुने हार्ड डिस्कवरून मेमरीत आणायलाच पुष्कळ वेळ लागतो. खरे कारण शोधायचे, तर प्लगइनचे फोल्डर तात्पुरते हलवून सॉफ्टवेअर सुरू करून पाहावे. उघडताना दिसणाऱ्या पडद्यावर चालू प्लगइनचे नाव दिसत असेल, तर कोणत्या नावापाशी गाडी अडते तेही कळते. ई-लायसेन्सरच्या नियंत्रण केंद्रातली देखभालीची कामे वेळोवेळी उरकल्यासही काही वेळा फरक पडे.

या पद्धतीतला अन्याय उघड आहे. ज्याने कुलूप फोडलेली प्रत मिळवली, त्याला तपासणीचा जाच नाही; ज्याने पैसे मोजले, तो रोज सकाळी ताटकळतो. सुचलेली चाल मनात ताजी असताना पडद्याकडे बघत बसावे लागणे रचनाकाराला क्षुल्लक वाटत नाही.

२०२२ मध्ये स्टाइनबर्गने डोरिको ४ (स्वरलिपी लिहिण्याचे सॉफ्टवेअर) आणि क्यूबेस १२ पासून खात्यावर आधारित परवाना आणला. त्यांना डोंगलची गरज उरली नाही. वाद्यवृंदाचे नमुनासंग्रह बनवणारी व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररी ही कंपनीही ई-लायसेन्सर सोडून आयलॉककडे वळली. आयलॉकचे परवाने यूएसबी चावीप्रमाणेच संगणकावर किंवा क्लाउडमध्येही ठेवता येतात, मात्र कोणता पर्याय द्यायचा हे त्या त्या उत्पादनाची कंपनी ठरवते. क्लाउडचा पर्याय काम चालू असेपर्यंत इंटरनेट मागतो. मे २०२५ मध्ये ई-लायसेन्सरची सेवा बंद झाली. डोंगलवर आधीच असलेले परवाने चालू शकतात, पण त्या पद्धतीतून नवा परवाना सक्रिय करता येत नाही. जुन्या आवृत्तीत केलेले प्रकल्प उघडायचे असतील, तर ती चावी आणि तिला चालवणारा संगणक दोन्ही जपावे लागतात.