टीबीची गोळी, सर्पगंधा आणि डिप्रेशनचे जीन

मागच्या महिन्यात दादरला आतेबहिणीकडे गेलो होतो तर तिने एका खाजगी लॅबचा जीन रिपोर्ट पुढे ठेवला, त्यात एमटीएचएफआर नावाच्या, फोलेट या व्हिटॅमिनवर काम करणाऱ्या एन्झाइमचा जीन "बदललेला" म्हणून लाल खूण आणि खाली डिप्रेशनचा धोका वगैरे लिहिलेलं. "दादा, म्हणजे हे माझ्या रक्तातच आहे का रे?" असं तिने विचारलं. चहा होईपर्यंत उत्तर देणं शक्यच नव्हतं, कारण हे प्रकरण ७०-७५ वर्षं मागे जातं आणि गंमत म्हणजे टीबीपासून सुरू होतं.

१९५० नंतर लगेच आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड अशी टीबीवरची दोन बहिणीबहिणी शोभतील अशी औषधं आली. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये ती दिली तर मरणाला टेकलेले पेशंट उठून चक्क नाचायला लागले, आणि विशेषतः इप्रोनियाझिडवाले जरा जास्तच खुशीत दिसायला लागले. १९५२ला झेलर नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की हे औषध एमएओ म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम बंद पाडतं. एमएओचं काम काय, तर सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन वगैरेंची मोडतोड करणं. ते थांबलं की मेंदूत ही रसायनं जास्त वेळ राहतात. १९५७मध्ये नेथन क्लाइन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने हेच औषध डिप्रेशनच्या पेशंटना देऊन बघितलं, आणि डिप्रेशनवर गोळी असू शकते हे लोकांना पटायला लागलं. पुढे लिव्हरला त्रास होतो म्हणून ते अमेरिकेत बंद झालं ते वेगळं.

याची उलटी बाजू तर आपल्या मुंबईतूनच गेलेली आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा ब्लड प्रेशरवर कसा उपयोग होतो ते छापलं आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ला तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. हे रिसर्पिन मेंदूतले सेरोटोनिनसारखे साठे रिकामे करतं, आणि ते घेणारे काहीजण उदास व्हायला लागले. म्हणजे एक औषध रसायन वाढवतं तर माणूस खुश, दुसरं कमी करतं तर उदास. यावरून १९६५ला शिल्डक्राउट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने थिअरी मांडली आणि "मेंदूत केमिकल कमी पडलं" हे वाक्य तिथून निघून आपल्या घराघरात पोचलं. पुरावा तसा अर्धामुर्धाच होता, पण वाक्य इतकं सोपं की कोण सोडणार!

मग साहजिक विचार आला की रसायन मोडणारं एन्झाइमच काही लोकांत जन्मतः फास्ट किंवा स्लो असेल तर? ही कल्पनाही टीबीच्याच दुसऱ्या बहिणीने दिली म्हणायची. आयसोनियाझिड काही लोकांच्या शरीरातून झटपट जातं, काहींच्या रेंगाळतं, आणि हे आनुवंशिक आहे हे १९६०ला प्राइस इव्हान्सने दाखवलं. ९०च्या दशकात मेंदूकडे मोर्चा वळला. डोपामीन मोडणाऱ्या कॉम्ट एन्झाइममध्ये एकच अक्षर बदललं की त्याचा वेग बराच कमी होतो, एमएओए म्हणजे मघाच्या एमएओचाच एक प्रकार, त्याच्या जीनचेही जास्त आणि कमी चालणारे प्रकार सापडले, एमटीएचएफआरचा तो बदल १९९५चा. दरवर्षी एखादा नवा "डिप्रेशनचा जीन" यायचा, पण शे-दोनशे लोकांवरचे रिझल्ट पुढच्या अभ्यासात परत येईनात, आणि २०१९ला लाखोंच्या डेटावर असे १८ गाजलेले जीन तपासले तर एकही टिकला नाही, त्यात कॉम्ट, एमएओए आणि बहिणीच्या रिपोर्टवरचा तो एमटीएचएफआरही होता. डिप्रेशन घराण्यात चालतं हे खरंच आहे, जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिक वाटा साधारण ३७ टक्के धरतात. पण तो शेकडो जीनमध्ये चिमूटचिमूट विखुरलाय.

टिकलं ते भलतंच, मेंदूतलं नाही तर लिव्हरमधलं. १९७५ला लंडनमध्ये रॉबर्ट स्मिथ नावाच्या संशोधकाने प्रयोग म्हणून डेब्रिसोक्विन हे बीपीचं औषध स्वतःच घेतलं आणि बीपी इतकं खाली गेलं की त्यांना उभंच राहता येईना, बाकी सहकाऱ्यांना मात्र फारसं काही नाही. त्यातून पुढे सीवायपी२डी६ हे एन्झाइम कळलं, आणि त्याच कुटुंबातलं सीवायपी२सी१९ हे सिटालोप्राम, एसिटालोप्रामसारख्या डिप्रेशनच्या गोळ्या मोडतं. हे स्लो असलेले लोक आशियात युरोपपेक्षा जास्त आहेत, अशांना नेहमीचाच डोस जड होऊ शकतो. सिटालोप्राम असेल तर अमेरिकेच्या एफडीएने त्यांना २० मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे.

चहा संपला तरी रिपोर्ट हातातच होता. दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात सीवायपी२सी१९ पुढे "पुअर मेटाबोलायझर" म्हणजे हे एन्झाइम फार स्लो असं लिहिलं होतं, त्याला ना लाल खूण ना काही, आणि बाई एसिटालोप्राम घेतात! म्हटलं पहिलं पान राहू दे गं, हे दुसरं पान सोमवारी डॉक्टरांना दाखव, आणि तोवर गोळी स्वतःच्या मनाने बंद नको करूस.