जांभा खडक

जांभा हा उष्ण व दमट हवामानात मूळ खडक दीर्घकाळ कुजून मागे उरलेल्या द्रव्याचा बनलेला तांबडा, सच्छिद्र खडक. कोकण, गोवा, केरळ आणि सह्याद्रीचे अनेक माथे त्याने आच्छादलेले आहेत. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश सर्वेक्षकाने मलबारातील (उत्तर केरळातील) अंगाडिपुरम परिसरात तो पाहिला आणि १८०७ मध्ये ‘लॅटेराइट’ या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

खडकचक्र, म्हणजे एका प्रकारच्या खडकाचे दुसऱ्या प्रकारात सतत होत राहणारे रूपांतर, शिकवताना अग्निज, स्तरित व रूपांतरित असे तीन गट सांगितले जातात. जांभा त्यांपैकी कशातच नीट बसत नाही. खडकाची माती होत असतानाची मधली अवस्था त्यात प्रत्यक्ष पाहायला मिळते, म्हणून खडकचक्र समजून घ्यायला त्याच्याइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

महाराष्ट्रातील बहुतेक जांभ्याचा मूळ खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन भेगांतून मुरते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि पुष्कळशी सिलिकाही (वाळूतील मुख्य द्रव्य) विरघळून निघून जाते. लोह व ॲल्युमिनियम मात्र सहसा विरघळत नाहीत. त्यांची ऑक्साइडे व हायड्रॉक्साइडे जागीच साचतात. ओला पावसाळा आणि कोरडा उन्हाळा आलटूनपालटून येत राहिल्याने ही क्रिया पुढे सरकते. कोकणातील खोल विहिरीत किंवा घाटरस्त्याच्या कापात तिचे टप्पे वरून खाली वाचता येतात: माथ्यावर टणक कातळ, त्याखाली मऊ जांभा, मग पांढुरकी-गुलाबी चिकणमाती, त्याखाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोटे आणि तळाशी ताजा बेसाल्ट. ॲल्युमिनियमचे प्रमाण फार वाढले की बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिज तयार होते. कोल्हापूर जिल्ह्यातील पठारांवर त्याचे साठे आहेत.

ताजा कापलेला जांभा तुलनेने मऊ असतो व हवेत वाळून कठीण होतो. चिरेखाणीतून काढलेल्या चिऱ्यांवरच (जांभ्याच्या ठोकळ्यांवरच) कोकणातील घरे, गडगे (दगडी कुंपणे) आणि देवळे उभी राहिली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, प्राचीन माणसाने कातळशिल्पे कोरली तीही याच खडकात.

सच्छिद्रतेमुळे सड्यावर पडलेला पाऊस झटकन खाली मुरतो आणि चिकणमातीच्या थरावर अडून उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. सड्यावर मात्र उन्हाळ्यात टंचाई असते. जांभ्याचे माथे खरवडताना या झऱ्यांचा विचार आधी व्हायला हवा.

महाबळेश्वर-पाचगणीचा जांभा समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे, तर कोकणातला बराचसा २०० मीटरच्या आत. दोन्ही एकाच काळातले नसून उंचावरचा अधिक जुना, असे सामान्यतः मानले जाते. जांभ्याचीही झीज होते. त्याचे तुकडे उतारावर साचून लोहयुक्त पाण्याने पुन्हा सांधले जातात, त्याला दुय्यम जांभा म्हणतात. बेसाल्टमधून सुटलेली सिलिका नद्यांवाटे समुद्रात पोहोचते. तेथे डायाटम ही सूक्ष्म शैवाले तिची कवचे बनवतात आणि ती तळाशी साचून कालांतराने स्तरित खडक होऊ शकतात.