वॉटर पेपरवरचा काळा चुरा ईव्हीत कसा पोचला

हल्ली ईव्हीच्या बातम्यांत सिलिकॉन कार्बाइड चिप, सिलिकॉन कार्बाइड चिप असं सारखं येत असतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं हे काहीतरी कालपरवा निघालेलं मटेरिअल आहे. तसं काही नाही. गाडीला कलर मारायच्या आधी पेंटर पाणी मारत मारत जो काळा वॉटर पेपर घासतो ना, त्याच्यावरचा चमकणारा चुरा म्हणजे हेच, आणि टूल रूममध्ये टंगस्टन कार्बाइडच्या टूलला धार लावायला जे हिरवं व्हील असतं तेही हेच. याचं पेटंट १८९३ सालचं आहे.

पेटंट एडवर्ड गुडरिच अ‍ॅचेसनचं. माणूस पेनसिल्व्हेनियाचा, १८८० मध्ये एडिसनच्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत कामाला लागला, मग एडिसनचे दिवे बसवायला युरोपात फिरला, पण नोकरीत जीव रमणारा नव्हता. १८९१ मध्ये मोनोंगहेला गावात त्याच्या हाताशी डायनॅमो होता, तर त्याने एका लोखंडी भांड्यात माती आणि कोकचा (भाजलेल्या दगडी कोळशाचा) भुगा भरला, मधे कार्बनचा रॉड खुपसला आणि भांडं नि रॉड यांच्यातनं जबरी करंट सोडला, विचार असा की मातीत कार्बन मुरवला तर ती कडक होईल. थंड झाल्यावर बघतो तर रॉडच्या टोकाला दोनचार चकाकते कण चिकटलेले. दुसरा कोणी असता तर झटकून टाकले असते. याने एक कण पेन्सिलीच्या टोकाला बसवला आणि काचेवर ओढला तर हिऱ्याने कापावी तशी काच कापली गेली.

त्याला वाटलं कार्बन आणि मातीतलं अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनिअमचं ऑक्साइड, कुरुंद दगड त्याचाच) मिळून हे झालंय, म्हणजे कार्बन अधिक कुरुंद (इंग्रजीत कोरंडम), म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. नंतर तपासलं तर अ‍ॅल्युमिनाचा काही संबंध नव्हता, सिलिकॉन आणि कार्बन होतं. नाव मात्र तेच राहिलं, कारण तोवर माल विकायला सुरुवात झाली होती, पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कचा रत्नांना पॉलिश करणारा आणि भाव कॅरेटला ४० सेंट! म्हणजे घासायची पावडर चक्क रत्नासारखी कॅरेटवर विकत होता गडी.

पण कॅरेटने विकून कारखाना चालत नाही. स्वस्त करायचं तर भट्टी मोठी हवी आणि भट्टीला वीज हवी. नायगाऱ्याच्या धबधब्यावर वीज तयार होणार होती, तिथे हजार हॉर्सपॉवरचा प्लँट टाकू म्हणाला, तर इथे आहे तोच माल निम्मा पडून, म्हणून बोर्डातल्या लोकांनी राजीनामे टाकले. हा तरी गेलाच. १८९५ पासून नायगारा फॉल्सला लांबलचक भट्ट्या लागल्या: वाळू, कोक, लाकडाचा भुसा आणि मीठ, मधे ग्रॅफाइटचा गाभा, तापमान २००० अंशांच्या वर. पद्धत मूळ तीच अजूनही चालते. पैसा मात्र पिट्सबर्गच्या बँकवाल्या मेलन घराण्याचा होता आणि काही वर्षांत कंपनीचा ताबाही त्यांच्याकडेच गेला. शिवाय क्लीव्हलंडच्या काउल्स बंधूंनी विजेच्या भट्टीचं आमचं पेटंट आधीचं म्हणून कोर्टात खेचलं आणि १९०० मध्ये निकाल त्यांच्याच बाजूने लागला. शोध एकाचा आणि तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्याकडे, हे पेटंटच्या धंद्यात नवीन नाही म्हणा.

त्याआधी कारखान्यांतली घासाई एमरीवर चालायची, ग्रीस-तुर्कस्तानचा खाणीतला दगड, आज एक ग्रेड उद्या दुसरी. भट्टीतला माल सारखा यायचा, त्यामुळे मापात ग्राइंडिंग करणं आवाक्यात आलं. अर्थात कार्बोरंडमचं व्हील सगळ्याला चालत नाही. स्टीलवर चालवलं तर गरम झाल्यावर यातला कार्बन लोखंड खातं आणि व्हील लवकर झिजतं, म्हणून स्टीलला अ‍ॅल्युमिनाचं पांढरं नाहीतर ब्राउन व्हील, आणि कास्ट आयर्न, काच, दगड, टंगस्टन कार्बाइड यांना हे. ग्राइंडरवर नवीन लागलेल्या पोराला पहिल्यांदा हेच शिकवतात.

आता इलेक्ट्रॉनिक्स. १९०६ मध्ये अमेरिकन लष्करातून रिटायर झालेले जनरल डनवुडी यांनी याच कार्बोरंडमचा तुकडा रेडिओचा डिटेक्टर, म्हणजे लहरीतून सिग्नल वेगळा काढणारा भाग, म्हणून पेटंट केला. त्याला थोडं बॅटरीचं व्होल्टेज द्यावं लागायचं, पण पोलादी टोक स्प्रिंगने घट्ट दाबून ठेवता यायचं, त्यामुळे जहाज हललं तरी सेटिंग जात नसे. पुढच्याच वर्षी मार्कोनी कंपनीतल्या हेन्री राउंडने १० व्होल्ट लावल्यावर क्रिस्टल पिवळसर उजेड देतो असं छोटंसं पत्र छापलं. एलईडीची पहिली नोंद ती हीच. १९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्हने त्यावर बरंच काम केलं, तो १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात गेला आणि विषय मागे पडला.

अडचण क्रिस्टलची होती. अ‍ॅचेसनच्या भट्टीत पोकळ्यांमधे जे काही सापडेल ते वेचून वापरायचं, असा कारभार. १९५५ मध्ये फिलिप्सच्या लेलीने शुद्ध क्रिस्टल वाढवायची रीत काढली, १९७८ मध्ये रशियातल्या ताइरोव्ह-त्स्वेत्कोव्ह यांनी छोटा क्रिस्टल बी म्हणून लावून त्यावर मोठा क्रिस्टल वाढवला, मग १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात क्री कंपनी निघाली आणि १९८९ मध्ये निळा एलईडी बाजारात आला, उजेड यथातथाच. खरा उपयोग पॉवरमध्ये, म्हणजे जास्त व्होल्टेज-करंट हाताळणाऱ्या चिपमध्ये निघाला: हा क्रिस्टल नेहमीच्या चिपमधल्या सिलिकॉनच्या दसपट इलेक्ट्रिक फील्ड सोसतो, उष्णताही तिप्पट लवकर बाहेर काढतो, म्हणून टेस्लाने मॉडेल ३ च्या इन्व्हर्टरमध्ये (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणाऱ्या भागात) तो बसवला आणि मग सगळे धावले. आता गंमत बघा, ज्याने जगाला घासलं त्याचेच वेफर, म्हणजे चिपसाठीच्या पातळ चकत्या, कापायला हिऱ्याची वायर लागते.

अ‍ॅचेसनचं अजून एक पेटंट आहे, १८९६ चं. कार्बोरंडम जास्तच तापवलं तर सिलिकॉन उडून जातो आणि मागे शुद्ध ग्रॅफाइट राहतं, हे त्याने हेरलं. आज चिपचा क्रिस्टल वाढवतात ते भांडं ग्रॅफाइटचंच, आणि अटलांटाच्या जॉर्जिया टेकमधे वॉल्ट डी हीर यांची टीम सिलिकॉन कार्बाइडचा वेफर तापवून, वरचा सिलिकॉन उडवून, त्याच्यावर ग्राफीनचा, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनचा, थर काढते.