तळपायाची वायर किडनीला जात नाही

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये फ्री आरोग्य शिबिर होतं. ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये असं काही ना काही चालूच असतं, कधी डोळे तपासणी, कधी वॉटर प्युरिफायर, यावेळी रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळपायाचे पॉईंट दाबून आजार ओळखायचे आणि बरे करायचे. सासूबाई गेल्या आणि मी त्यांच्या चपला सांभाळत मागे उभी. तिथल्या माणसाने पेन्सिलीएवढी लाकडी काठी घेतली आणि तळपायावर एकेक पॉईंट दाबत गेला. मधल्या खळग्यात दाबल्यावर आई कळवळल्या, तर हा म्हणाला, "काकू, किडनी वीक आहे." मग अंगठ्याच्या टोकाला आणि चवड्यावर दाबलं, आई शांत. "दुखलं नाही ना? ब्रेन आणि हार्ट एकदम फिट!" दहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं आणि तळपायाचा लॅमिनेट केलेला रंगीत नकाशा फुकट दिला, तो आता आमच्या फ्रिजवर आहे.

मी बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते, त्यामुळे गप्प बसणं काही जमलं नाही.

पहिलं म्हणजे "हे आपलं प्राचीन शास्त्र आहे" हे तिथे चारदा ऐकलं. आयुर्वेदात पादाभ्यंग आहे, तळपायाला तेल-तूप चोळणं आपल्याकडे आज्जीच्या आज्जीपासून चालत आलंय, मान्य. पण अंगठ्यात मेंदू, चवड्यात फुफ्फुसं, खळग्यात किडनी, टाचेत ओटीपोट हा जो नकाशा आहे ना तो अमेरिकन आहे आणि जेमतेम शंभर वर्षांचा. विल्यम फिट्झजेराल्ड नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत उभे १० पट्टे पाडले आणि १९१७ साली त्यावर झोन थेरपीचं पुस्तक काढलं. मग १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी ते सगळं तळपायावर आणून बसवलं. अ‍ॅक्युप्रेशर वेगळं, ते चिनी, त्यात मेरिडियन असतात, म्हणजे शरीरातून ऊर्जा वाहते असं मानलेल्या रेषा. आपल्याकडे दोन्हीची भेळ करून देतात.

"ते असू दे गं, पण दाबल्यावर बरं वाटतं त्याचं काय?" असं आई म्हणाल्या. तर ते शंभर टक्के खरं आहे, आणि मला विचाराल तर सगळी मजा इथेच आहे.

समजा रात्री लाईट गेलेत आणि पलंगाच्या पायावर तुमची करंगळी आपटली. आठवून बघा काय होतं. आधी नुसतं 'आपटलं' एवढं कळतं, लगेच एक टोचल्यासारखा चटका बसतो आणि मग एखाद्या सेकंदाने ती खरी ठणकणारी, डोळ्यात पाणी आणणारी कळ येते. ही तीन पार्सलं तीन वेगळ्या वायरींनी येतात. स्पर्श आणि दाब आणणाऱ्या ए-बीटा नसा जाड असतात, वरून मायलिनचं चांगलं इन्सुलेशन, वेग सेकंदाला साधारण ५० मीटर. चटका आणणाऱ्या ए-डेल्टा बारीक, मायलिन पातळ, वेग ५ ते ३० मीटर. आणि ठणका आणणारे सी फायबर एकदम बारीक, मायलिन नाहीच, वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर. करंगळीपासून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत अंतर धरा १ मीटर, म्हणजे स्पर्शाची बातमी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पोचली आणि ठणक्याला अख्खा सेकंद लागला. मुलांना मी फास्ट लोकल आणि स्लो लोकल सांगायचे, पण हा फरक ५० पट आहे, त्यामुळे आता फास्ट लोकल आणि संध्याकाळी सातचा घोडबंदर रोडचा ट्रॅफिक असं सांगते.

मग आपण काय करतो? करंगळी धरून चोळतो. कुणी शिकवलेलं नसतं, लहान पोरंही करतात, आणि कळ खरंच कमी होते. का होते याचं उत्तर रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडलं, त्याला गेट कंट्रोल थिअरी म्हणतात. मज्जारज्जू आडवा कापला तर आत फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो, त्याच्या मागच्या टोकाशी हे गेट. तिथे वेदनेचा निरोप वर मेंदूकडे पाठवणारी एक पेशी असते आणि तिच्या शेजारी तिला ब्रेक लावणारी एक छोटी पेशी, तिला आपण वॉचमन म्हणू. सी फायबरचा निरोप आला की तो निरोप-पेशीला तर उठवतोच, वर वॉचमनला झोपवतो, गेट उघडं. पण तुम्ही चोळलंत, दाबलंत की ए-बीटा नसा जाग्या होतात आणि त्या वॉचमनला हलवून उठवतात, मग तो निरोप-पेशीला दाबतो आणि ठणक्याचा बराचसा निरोप खालीच अडकतो. म्हणजे वेदना कमी 'वाटत' नाही, ती वर पोचतच नाही पूर्ण. ही वायरिंग नेमकी अशीच नाही हे नंतरच्या संशोधनात कळलं, बरेच बदल झाले, पण पाया टिकला. फिजिओथेरपिस्ट कंबरेला ते मुंग्या आणणारं टेन्स मशीन लावतात ना, ते याच विचारातून आलं.

आणि गेटला वरूनही ऑर्डर येते. मेंदू स्वतःची मॉर्फिनसारखी रसायनं, एंडॉर्फिन्स, सोडून खालचं गेट बंद करू शकतो. १९७८ मध्ये दाढ काढलेल्या पेशंटवर झालेला एक प्रयोग मला भयंकर आवडतो. काहींना औषध म्हणून नुसतं प्लासिबो (औषध नसलेलं खोटं औषध) दिलं तर त्यांचं दुखणं कमी झालं, पण नॅलॉक्सोन दिल्यावर (मॉर्फिनचा असर उतरवणारं औषध) तो आराम गेला! म्हणजे खोट्या औषधाने खरं रसायन सुटत होतं. त्यामुळे पंधरा मिनिटं कुणीतरी प्रेमाने पाय दाबतोय, आपण आडवे पडलोय, कुकरची शिट्टी आपण मोजत नाहीये, याने आराम पडणारच, त्याला मी कधीच नाही म्हणणार नाही.

पण यात किडनी कुठे आली? कुठेच नाही. तळपायाच्या नसा वर जाऊन मज्जारज्जूच्या कमरेच्या चौथ्या-पाचव्या आणि त्याखालच्या सेक्रल पहिल्या-दुसऱ्या भागात शिरतात. किडनीच्या वेदनेच्या नसा शिरतात बऱ्याच वर, छातीच्या दहाव्या भागापासून कमरेच्या पहिल्यापर्यंत. हृदयाच्या तर आणखी वर, छातीच्या पहिल्या चार-पाच भागांत. इथे हुशार मुलं विचारतात की मग हार्ट अटॅकमध्ये डावा हात का दुखतो? अगदी बरोबर प्रश्न. हाताच्या आतल्या बाजूच्या काही नसा आणि हृदयाच्या नसा मज्जारज्जूच्या त्याच भागात येतात, इंटरकॉमची एकच लाईन दोन फ्लॅटला दिल्यासारखं, वरच्याला कळत नाही फोन कुठून आला. पण त्याला एक लाईन असावी लागते. तळपाय आणि हृदय यांची अशी लाईन नाही.

गंमत म्हणजे तळपायावरून मेंदूचं काहीतरी कळतं हे खोटं नाही. जोसेफ बाबिन्स्कीने १८९६ मध्ये दाखवलं की टाचेकडून बाहेरच्या कडेने वर बोथट वस्तू ओढली तर मोठ्या माणसाची बोटं खाली वळतात, अंगठा वर उठला तर मेंदू किंवा मज्जारज्जूत गडबड असते (तान्ह्या बाळांचा उठतोच, घाबरू नका). हा खरा रिफ्लेक्स, त्याचं पॅकेज नसतं.

नकाशाची परीक्षाही झालेली आहे. २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात दोन अनुभवी रिफ्लेक्सॉलॉजिस्टना १८ जणांचे पाय तपासायला दिले, आजार सांगितले नाहीत. त्यांना आजार ओळखता आले नाहीतच, वर एकाचं म्हणणं दुसऱ्याशी जुळेना. आणि पर्यायी उपचारांचे अभ्यासक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये १८ चाचण्या एकत्र तपासल्या, कुठल्याही आजारावर उपयोग होतो असा पटण्यासारखा पुरावा निघाला नाही.

हां, आणि ते काशाच्या थाळीचं फिरणारं मशीन, हल्ली जिथे तिथे दिसतं. पाय ठेवा, तूप लावा, थोड्या वेळात तळपाय काळा, "बघा शरीरातली उष्णता बाहेर पडली". अहो समई घासताना फडकं काळं होतं तेव्हा समईची उष्णता बाहेर पडते का? कासं म्हणजे तांबं आणि कथील, ते घासलं जाऊन तुपात मिसळतं. मी घरी काशाच्या वाटीला तूप लावून ती जुन्या रुमालावर घासली, रुमालही काळा झाला. रुमालाला पित्ताचा त्रास आहे बहुतेक.

आता आईंच्या किडनीचं. त्यांना बारा वर्षं डायबेटीस, त्यामुळे टेस्ट तशीही करायचीच होती. किडनी कशी चालते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल, युरिनमधलं अल्ब्युमिन हे प्रोटीनही नॉर्मल. खळग्यात का दुखलं? तिथे त्वचेखाली जाड पट्टा असतो, प्लांटार फॅशिया, आणि दिवसभर अनवाणी टाईल्सवर उभं राहून स्वयंपाक केल्यावर तो दुखरा होतो, तुमचाही दाबून बघा.

पण डॉक्टरांनी बॅगेतून एक नायलॉनचा धागा काढला. हा धागा १० ग्रॅमचा जोर पडला की वाकतो, डायबेटीसमध्ये पायाच्या संवेदना तपासायला तो वापरतात. आईंना डोळे मिटायला सांगितले आणि तळपायावर एकेक जागी टेकवून विचारत गेले. टाच, हो. खळगा, हो. मग अंगठ्याचं टोक, मग चवडा. आई डोळे मिटून शांत बसलेल्या, थोड्या वेळाने म्हणाल्या, "करताय ना सुरू?"

ब्रेन आणि हार्ट, तेच दोन पॉईंट. डायबेटीसमध्ये सर्वात लांबच्या वायरी आधी खराब होतात, म्हणून बोटांपासून सुरुवात होते. तिथे काठी रुतली, खडा टोचला, गरम पाण्याची पिशवी जास्त वेळ राहिली तरी कळत नाही, आणि जखमा अशाच चिघळतात. आता घरात चप्पल कंपल्सरी आहे, आणि रोज झोपायच्या आधी मोबाईलच्या टॉर्चवर आईंचे तळपाय बघायचं काम माझ्या मुलाकडे आहे. बघून झालं की तो दाबूनही देतो, हाताने, काठीने नाही.